चित्रकलेचे मास्तर किपलिंग

सौसर तालुक्यातले मोहगाव हे जुन्या मराठी वस्तीचे गाव. हा मुलूख एकेकाळी नागपूरकर भोसल्यांचा. त्यांचे राज्य खालसा झाल्यावर तो मध्यप्रांतात गेला आणि पुढे मध्य प्रदेशात राहिला. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा छिंदवाड्याशी असलेले त्याचे जुने सरकारी नातेही सुटले. सर्पिणी नदीकाठचे अर्धनारीश्वराचे देऊळ, भोवतालच्या संत्र्यांच्या बागा आणि कापसाची शेते, ही या बाजूची ओळख. गावाच्या नावातच मोहाचे झाड आहे.

अशा गावातल्या शाळेत चित्रकलेच्या तासाला मास्तरांनी एखादा प्राणी काढायला सांगितला म्हणजे काय होते, हे शिक्षकांना नव्याने सांगायला नको. निम्मी मुले सिंह काढतात. आयाळ पिंजारलेला, जबडा वासलेला सिंह. सातपुड्यात सिंह नाही. तो पुस्तकातल्या किंवा अलीकडे मोबाइलमधल्या चित्रावरून वहीत उतरतो. दाराशी बांधलेला बैल मात्र वहीत येत नाही, आणि आलाच तर चार काठ्यांवर ठेवलेल्या पेटीसारखा येतो. मुलाने तो जन्मापासून पाहिलेला असतो; फक्त काढण्यासाठी म्हणून कधी पाहिलेला नसतो.

शिकणाऱ्याने चित्रावरून चित्र काढावे की वस्तूकडे पाहून काढावे, हा वाद जुना आहे. मुंबईत दहा आणि लाहोरात अठरा वर्षे मास्तरकी करून ज्यांनी हा प्रश्न आयुष्यभर हाताळला, ते जॉन लॉकवूड किपलिंग. त्यांचा मुलगा रुडयार्ड जगभर गाजला, आणि बापाचे नाव मुलाच्या सावलीत राहिले. मोहगावशी या घराण्याचा प्रत्यक्ष संबंध आला नाही. पण मोगलीची गोष्ट ज्या वैनगंगेच्या काठी घडते, तिलाच सौसरकडच्या कन्हानचे पाणी पुढे जाऊन मिळते. या रानातली जनावरे दूरदेशीच्या मुलांनी प्रथम पाहिली त्यात लॉकवूड किपलिंगांच्या चित्रांचा मोठा वाटा होता. म्हणून या मास्तरांचे चरित्र मोहगावच्या तासाला उपयोगी पडण्याजोगे आहे.

लॉकवूड यांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात पिकरिंग या गावी झाला. वडील जोसेफ हे मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. मुलाला लहानपणीच घरापासून दूर, धर्मोपदेशकांच्या मुलांसाठी चालवलेल्या निवासी शाळेत ठेवण्यात आले. तेथे त्याचे मन रमले नाही. १८५१ साली लंडनला भरलेले जगप्रसिद्ध औद्योगिक प्रदर्शन त्याने पाहिले आणि वयाच्या चौदाव्या वर्षी आयुष्याची दिशा ठरली. स्टॅफर्डशायरमध्ये बर्सलेम हे कुंभारकामाच्या कारखान्यांचे गाव. तेथे तो उमेदवारीला राहिला. पुस्तकी चित्रकलेआधी हाताला मातीची सवय लागली, ती त्यांनी म्हातारपणापर्यंत सोडली नाही.

त्यानंतर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाच्या इमारतीवर शिल्पकामाची नोकरी मिळाली. स्टॅफर्डशायरमधल्या रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी त्यांची अ‍ॅलिस मॅक्डोनल्ड हिच्याशी ओळख झाली. मार्च १८६५ मध्ये त्यांचे लग्न झाले आणि महिनाभरात जोडपे मुंबईच्या जहाजावर चढले. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली होती. त्या शाळेत इमारतींवरील शिल्पकाम शिकवण्यासाठी लॉकवूड यांची नेमणूक झाली. त्याच सुमारास चित्रकलेसाठी जॉन ग्रिफिथ्स हेही दाखल झाले. विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करणारे ते हेच.

त्या काळी चित्रकलेचे शिक्षण म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. साउथ केन्सिंग्टनने आखलेला अभ्यासक्रम तेवीस पायऱ्यांचा होता. आधी सरळ रेषा, मग भूमितीच्या आकृत्या, मग छापील नक्षीची नक्कल, मग प्लास्टरच्या ठशांवरून रेखाटन. ग्रीक वेलबुट्टी आणि रोमन मस्तके यांचे पांढरे ठसे जहाजाने मुंबईला येत, आणि दादर-गिरगावचा मुलगा कधी न पाहिलेल्या पानाच्या कडा घोटत बसे. शिस्त लागे, हात वळे, पण डोळा उघडत नसे. लॉकवूड याच व्यवस्थेचे नोकर होते आणि ती त्यांनी मोडून टाकली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र मुंबईच्या बाजारात त्यांना जे दिसले, त्यामुळे या ठशांचे त्यांना फार कौतुक राहिले नाही.

आज महात्मा फुले मंडई म्हणून ओळखले जाणारे क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली बांधून झाले. त्याच्या प्रवेशद्वारांवरील उठावचित्रे आणि आतले दगडी कारंजे लॉकवूड यांच्या हातचे. दरवाजावर ग्रीक देव नाहीत. इथले शेतकरी आहेत. ज्या बाजारात रोज भाजीच्या गाड्या येत, त्याच्या दारावर ती भाजी पिकवणारी माणसे बसवावी, असे त्यांना वाटले. पुढे १८८८ साली पुरे झालेल्या बोरीबंदर स्थानकाच्या भिंतींवर याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी मोर, माकडे, खारी, घुबडे आणि सरडे कोरले. लॉकवूड तोपर्यंत मुंबई सोडून गेले होते; पण इमारतीवर इथलीच पाने आणि इथलीच जनावरे असावीत ही रीत मुंबईत रुजली, त्यात त्यांच्या पिढीच्या मास्तरांचा वाटा आहे.

१८७० साली सरकारने त्यांना वायव्य प्रांतांत कारागिरांची चित्रे काढण्यासाठी धाडले. विणकर, सुतार, कुंभार, लाकडावर कोरीवकाम करणारे, असे कामात गढलेले लोक त्यांनी दोन वर्षांत रेखाटले. ती चित्रे आज लंडनच्या संग्रहालयात आहेत. पुढ्यात बसून पोज देणारा माणूस आणि कामात असलेला माणूस यांत फरक असतो. कामात असलेल्याचे बोट कोठे टेकले आहे, पाठ किती वाकली आहे, हे पाहावे लागते. जनावरांची चित्रे काढताना पुढे हीच सवय कामी आली.

याच काळात घरात एक विद्यार्थी वाढत होता. रुडयार्डचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा. कलाशाळेच्या आवारातच घर. रंगांचा आणि तेलाचा वास, आणि खेळायला मिळालेले ओल्या मातीचे गोळे, ही आठवण त्याने वृद्धपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात जपली आहे. गोव्याची आया आणि हिंदू नोकर यांच्याशी तो हिंदुस्थानीत बोले. मातीचे गोळे, प्राण्यांच्या गोष्टी आणि मोकळे आवार, अशी ही बालशाळाच होती.

ती १८७१ साली बंद झाली. हिंदुस्थानातल्या साहेबलोकांची त्या वेळची रीत अशी की, मूल पाच-सहा वर्षांचे झाले की रोगराईच्या भीतीने आणि शिक्षणासाठी त्याला विलायतेत ठेवायचे. किपलिंग दांपत्याने सहा वर्षांच्या आतला रुडयार्ड आणि तीन वर्षांची ट्रिक्स यांना साउथसी येथे एका अनोळखी कुटुंबात पैसे देऊन ठेवले. जाहिरात पाहून घर ठरवले, आणि आपण जात आहोत हे मुलांना नीट सांगितलेही नाही. त्या घरात मुलाचा छळ झाला. त्याची नजर अधू होत चालली होती, तेही कोणाच्या ध्यानात आले नाही. १८७७ साली आई परत येऊन मुलांना घेऊन गेली, तोवर जवळजवळ सहा वर्षे उलटली होती. १८८८ साली रुडयार्डने या दिवसांवर कथा लिहिली आणि पुढे आत्मचरित्रातही ते दुःख लपवले नाही.

कारागिराची वाकलेली पाठ ज्यांच्या नजरेतून सुटली नाही, त्यांना स्वतःचे मूल सहा वर्षे नीट दिसले नाही, ही या चरित्रातली बोचणारी गोष्ट आहे. लॉकवूड स्वतः लहानपणी घराबाहेर ठेवले गेले होते. त्याचे दुःख त्यांना ठाऊक होते. तरी समाजाची रीत पाहण्याच्या आड आली. चरित्रकाराने ही बाब झाकू नये, कारण पुढे बापलेकांनी मिळून जे पुस्तक केले त्याचा अर्थ तिच्याशिवाय लागत नाही.

१८७५ साली लॉकवूड लाहोरला गेले. अंदमानात मारले गेलेले गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या स्मरणार्थ तेथे कलाशाळा निघाली होती. तिचे ते पहिले मुख्याध्यापक आणि लाहोरच्या अजायबघराचे व्यवस्थापक झाले. येथे त्यांना आपल्या मनासारखे करता आले. विद्यार्थी बहुतेक कारागिरांच्या घरचे. त्यांना विलायती ठशांपुढे बसवण्याऐवजी त्यांनी शहरातल्या जुन्या इमारतींकडे, विशेषतः वझीर खानाच्या मशिदीकडे, वळवले. तुमच्या आजोबांच्या हातात जे होते ते आधी पाहा, मग बाकीचे, असा त्यांच्या शिकवण्याचा रोख होता. सुतारकाम करणाऱ्या घरातला राम सिंग हा त्यांचा पट्टशिष्य. व्हिक्टोरिया राणीच्या ऑस्बर्न येथील वाड्यातला दरबार महाल १८९०-९१ च्या सुमारास गुरुशिष्यांनी सजवला, त्यात चुलाण्यावर पिसारा फुलवलेला मोर आहे. पुढे हेच भाई राम सिंग लाहोरच्या त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. गुरूच्या खुर्चीवर शिष्य बसला, याहून मोठी पावती मास्तराला कोणती?

१८८२ साली सोळा वर्षांचा रुडयार्ड लाहोरला आला आणि वर्तमानपत्रात नोकरी करू लागला. तुटलेले घर पुन्हा जुळले. मुलाची सुरुवातीची पुस्तके १८८८ साली अलाहाबादच्या व्हीलर कंपनीने रेल्वे स्थानकांवर विकायला काढली, त्यांची मुखपृष्ठे बापाने आखली.

१८९१ साली लॉकवूड यांचा स्वतःचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानातले पशू आणि माणूस यांच्या परस्परसंबंधावर तो आहे, आणि चित्रेही बहुतांशी त्यांचीच. गाढव, शेळ्यामेंढ्या, गाय-बैल, म्हैस, घोडा, हत्ती, उंट, कुत्रा, मांजर, अशी एकेकावर प्रकरणे आहेत. जनावरांना हाका कशा घालतात यावर एक प्रकरण, आणि चित्रकलेत जनावरे कशी येतात यावर एक. वाघ-सिंहांच्या शिकारीची पुस्तके तेव्हा खंडीभर निघत. या मास्तरांनी मात्र गोठ्यात, रस्त्यावर, घाण्याला आणि मोटेला असलेली जनावरे निवडली. बैलाच्या मानेवर जू कसे बसते, ओझ्याचा बैल कसा लादतात, लोक त्याच्याविषयी कोणत्या म्हणी सांगतात, हे सारे त्यांनी टिपले.

ग्रंथातले सगळेच आपल्याला रुचेल असे नाही. हिंदू लोक मुक्या प्राण्यांवर स्वभावतःच दया करतात, या समजुतीवर त्यांनी कठोर टीका केली. गाईला माता म्हणणारा गाडीवान बैलाची शेपूट पिरगाळतो, इकडे त्यांनी बोट दाखवले. राज्यकर्त्या जमातीच्या माणसाचा वरचढपणा त्यात जागोजागी आहे, आणि विलायतेतल्या घोड्यांच्या हालांचा हिशेब तितक्या कठोरपणे मांडलेला नाही. तरी पिरगाळलेली शेपूट खोटी नव्हती. ज्याला जनावर काढायचे आहे त्याला त्याच्या अंगावरचे वळही दिसले पाहिजेत. फक्त पोळ्याची झूल काढून चालत नाही.

१८९३ साली ते निवृत्त होऊन इंग्लंडात टिस्बरी या खेड्यात राहू लागले. रुडयार्ड तेव्हा अमेरिकेत व्हर्मांट प्रांतात, बर्फाच्या मुलखात होता. तेथे बसून त्याने सिवनीच्या डोंगरातल्या लांडग्यांच्या, अस्वलाच्या आणि वाघाच्या गोष्टी लिहिल्या. ते रान त्याने स्वतः कधी पाहिले नव्हते. स्टर्नडेल नावाच्या अधिकाऱ्याने सातपुड्यावर १८७७ साली लिहिलेल्या पुस्तकाचा त्याला आधार होता असे अभ्यासक मानतात. १८९४ साली पहिले जंगल बुक निघाले, त्यातल्या चित्रांत बापाचा हात इतर चित्रकारांबरोबर होता; १८९५ च्या दुसऱ्या पुस्तकाची सजावट बापानेच केली. त्या दुसऱ्या पुस्तकात दुष्काळाची चाहूल लागते ती मोह फुलला नाही यावरून, आणि मोह हा बलू अस्वलाच्या आवडीचा. मोहगावच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

या गोष्टी आईबापांवाचून जनावरांत वाढणाऱ्या मुलाच्या आहेत. साउथसीच्या घरात सहा वर्षे काढलेल्या मुलाने त्या लिहाव्या आणि त्याला तेथे ठेवणाऱ्या बापाने त्यांची चित्रे काढावी, यात दोघांनी एकमेकांना काय सांगितले असेल, ते ज्याने त्याने ओळखावे. १९०१ साली मुलाची लाहोरची कादंबरी निघाली. तिच्यासाठी साठी ओलांडलेल्या लॉकवूड यांनी ओल्या मातीत उठावचित्रे घडवली आणि त्यांची छायाचित्रे पुस्तकात छापली गेली. त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात अजायबघराचा पांढऱ्या दाढीचा प्रेमळ रखवालदार येतो. मुलाने बापाला दिलेली ती जागा आहे. नोव्हेंबर १९१० मध्ये अ‍ॅलिस वारल्या, आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी १९११ मध्ये, लॉकवूड गेले.

मोहगावच्या चित्रकलेच्या तासाला या आयुष्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. वर्गाने महिनाभर एकच जनावर घ्यावे, आणि ते गावातलेच घ्यावे. या भागाचा बैल म्हणजे गवळाऊ जातीचा. वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंत ही जात आढळते. पांढरा रंग, हलका बांधा, लांबोळके तोंड, आखूड शिंगे. सिंह काढणाऱ्या मुलाला विचारावे की, गवळाऊचा कान शिंगाच्या वर असतो की खाली? उठताना बैल आधी पुढचे पाय टेकतो की मागचे? मूल थबकेल. त्याला गोठ्याकडे धाडावे. बैल आधी मागचा भाग उचलतो आणि घोडा आधी पुढचे पाय, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याचा बैल पुन्हा पेटीसारखा होत नाही. शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, कोंबडीची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, रवंथ करताना गाईचा खालचा जबडा बाजूला सरकतो; अशा बारीक गोष्टी मुलांनी स्वतः शोधून आणाव्या. पहिल्या दिवशी पेन्सिल हाती देऊच नये.

दुसऱ्या आठवड्यात माती घ्यावी. वशिंड कोठे सुरू होते आणि मान कोठे संपते, हे कागदापेक्षा अंगठ्याला लवकर कळते. आपल्याकडे हे नवे नाही. पोळ्याला मातीचे बैल पूजतात, आणि नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. झडत्या ऐकत वाढलेल्या पोरांना बैलाचे कौतुक शिकवावे लागत नाही. त्या कौतुकाला नजर जोडून द्यायची एवढेच मास्तरांचे काम. मग जनावर राखणाऱ्या माणसाला वर्गात बोलवावे आणि जुवाने मानेवर पडलेला घट्टा कोठे आणि का असतो ते त्याच्या तोंडून ऐकावे. कागदावरचे चित्र या सगळ्याच्या शेवटी यावे.

आपल्या माळव्यात विष्णू चिंचाळकर गुरुजींनी याच वाटेने पुष्कळ मजल मारली. वाळलेली काटकी, बी, झाडाची साल यांत दडलेले पशुपक्षी शोधायला त्यांनी मुलांना लावले. २००० साली ते गेले. त्यांच्या हाताखाली खेळत शिकलेली मुले आता आईबाप झाली आहेत. लॉकवूड साहेबांना राज्यकर्त्यांची नोकरी होती आणि चिंचाळकरांना कचऱ्यातल्या काटक्या. आधी पाहा, मग काढा, ही शिकवण मात्र दोघांची सारखी.

आता घाई करण्याचे कारणही आहे. शेतात ट्रॅक्टर आले आणि बैलजोड्या कमी होत चालल्या. आजचा मुलगा जो बैल काढील तो कदाचित त्याच्या दाराशी बांधलेला शेवटचा बैल असेल. किपलिंग बापलेकांनी सातपुड्याची जनावरे लाहोरच्या आठवणींवरून, दुसऱ्यांच्या पुस्तकांवरून, समुद्रापलीकडे बसून उभी केली. मोहगावच्या पोराला ती शाळेच्या फाटकाबाहेर मिळतात. तासाच्या वेळी फाटक उघडण्याची परवानगी हेडमास्तरांनी दिली म्हणजे झाले.